रफार कुणी छाटला?

प्रश्न : सोसायटीची स्मरणिका मी वर्डमध्ये टाइप करतेय. पानं वाचवायला लाइन स्पेसिंगमध्ये ‘एक्झॅक्टली’ आणि १२ पॉइंट केलं. अक्षर १४चं आहे. आता ‘पूर्वी’वरचा रफार अर्धाच दिसतो. फॉन्ट बिघडलाय का?
– एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : ताई, फॉन्ट बिचारा निर्दोष आहे. ‘एक्झॅक्टली’ म्हणजे सक्त हुकूम : अक्षर मावो न मावो, ओळ तेवढीच. इंग्रजीत हे एखाद वेळी खपून जातं. आपल्या ‘पूर्वी’ला मात्र खाली उकार, वर वेलांटी, तिच्यावर रफार. तीन मजली घराला दीड मजल्याचं छप्पर घातलंत तुम्ही!

कंट्रोल-ए दाबून सगळा मजकूर निवडा. पॅराग्राफच्या चौकटीत ‘ॲट लीस्ट’ करा, आकडा २० द्या. आता गरज पडेल तिथे ओळ आपणहून उंच होईल. सगळ्या ओळी अगदी समान हव्या असतील तर ‘एक्झॅक्टली’च ठेवा, पण २२ किंवा २४वर, आणि एक पान छापून बघा.

पानं खरी खातं ते त्याच चौकटीतलं ‘आफ्टर’. वर्ड २०१३पासून नव्या फाइलमध्ये प्रत्येक एंटरनंतर ८ पॉइंट जागा आपोआप सुटते. तिथे ३ करा. आणि स्मरणिका म्हटली की कविता आल्याच. त्यांच्या ओळी एंटरने नव्हे, शिफ्ट-एंटरने तोडा, म्हणजे कडव्यात भगदाडं पडणार नाहीत.