मोरोक्कोचे पत्रकार अबूबक्र जामाई कोण आहेत?

मोरोक्कोतल्या स्वतंत्र पत्रकारितेबद्दल वाचताना हे नाव टाळताच येत नाही. वडील खालिद जामाई नावाजलेले पत्रकार, पण अबूबक्र आधी वित्तक्षेत्रात होते. 1997 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कॅसाब्लांकात 'ल जुर्नाल' हे फ्रेंच साप्ताहिक काढलं. राजे हसन दुसरे यांच्या कारकिर्दीची ती अखेरची वर्षं.

मोरोक्को ज्यावर हक्क सांगतं तो वादग्रस्त पश्चिम सहारा प्रदेश हा तिथे सर्वांत नाजूक विषय. 2000 मध्ये त्यांनी पोलिसारिओ या त्या प्रदेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटनेच्या नेत्याची मुलाखत छापली आणि अंकावर बंदी आली. त्याच वर्षी राजे हसन यांच्याविरुद्धच्या 1972 च्या फसलेल्या लष्करी उठावात डाव्या नेत्यांचा हात असल्याचं सुचवणारं जुनं पत्र छापलं, तर साप्ताहिकच बंद! ते थोडं नाव बदलून पुन्हा निघालं. 2003 मध्ये त्यांना सीपीजे या पत्रकारांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

खरा घाव पैशांचा होता. 2006 च्या बदनामी खटल्यात न्यायालयाने सुमारे 30 लाख दिरहम भरपाई ठोठावली. एवढी रक्कम लहान साप्ताहिक कुठून आणणार? पुढच्या वर्षी त्यांनी देश सोडला. जानेवारी 2010 मध्ये कर्जापोटी साप्ताहिकाला टाळं लागलं. मला ही सरळ बंदीपेक्षाही क्रूर पद्धत वाटते. नंतर ते फ्रान्समध्ये अध्यापनाकडे वळले.