आयर्लंडचा माणूस ब्रिटिश असतो का? उत्तर आयर्लंडचं नेमकं काय?

डब्लिन, कॉर्क, गॉलवेचा असेल तर नाही. तो आयरिश. त्याला ब्रिटिश म्हणालात तर बहुतेक वेळा चेहरा पडलेला दिसेल, कारण त्यांच्या देशानं १९२२ मध्येच ब्रिटनपासून वेगळी चूल मांडली आणि १९४९ मध्ये राष्ट्रकुलही सोडलं.

गोंधळ आहे तो बेलफास्टकडे, म्हणजे त्याच बेटावरच्या उत्तर आयर्लंडमध्ये. ब्रिटिश पासपोर्टच्या कव्हरवर देशाचं पूर्ण नाव वाचा: 'युनायटेड किंगडम ऑफ ग्रेट ब्रिटन अँड नॉर्दर्न आयर्लंड'. ग्रेट ब्रिटन म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स. उत्तर आयर्लंड त्यात नाही, पण यूकेत आहे. त्यातून १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानं तिथल्या लोकांना आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही म्हणवून घ्यायचा, दोन्ही नागरिकत्वं ठेवायचाही हक्क दिला. म्हणजे एकाच गल्लीत शेजारी-शेजारी दोन वेगळे पासपोर्ट! खेळात तर आणखी मजा: रग्बीला अख्ख्या बेटाचा एक संघ, फुटबॉलला दोन.

बेलफास्टहून डब्लिनला गाडीनं जाताना सीमेवर ना फाटक, ना चौकी. वेगमर्यादेच्या पाट्या मैलांवरून किलोमीटरवर आल्या की समजायचं, देश बदलला. पण यूकेच्या स्टुडंट व्हिसावर असलेल्यांनी यावर भुलू नये, डब्लिनसाठी तो व्हिसा चालत नाही.

आणि हो, मालवणजवळच्या वराड गावाशी नातं असलेले लिओ वराडकर २०१७ मध्ये पंतप्रधान झाले ते आयर्लंडचे. ब्रिटनचे पंतप्रधान झालेले भारतीय वंशाचे ते ऋषी सुनक.