हवामान खटल्यांच्या कामाला नव्याने लागलेल्या सहकाऱ्यास

आपल्यासारख्या मध्यवर्ती बँकेवर हवामान बदलाच्या कारणावरून कोण खटला भरणार, असे तुम्ही परवा विचारलेत, म्हणून लिहितो. एप्रिल २०२१ मध्ये क्लायंटअर्थ या पर्यावरणासाठी कायदेशीर लढा देणाऱ्या संस्थेने बेल्जियमच्या राष्ट्रीय बँकेला न्यायालयात खेचले. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या कार्यक्रमाखाली कंपन्यांचे रोखे खरेदी करताना पर्यावरणाचा विचार केला नाही, हा आक्षेप होता. डिसेंबरमध्ये ब्रुसेल्सच्या न्यायालयाने दावा फेटाळला, पण तेवढ्यावर फाइल मिटू नका. जुलै २०२२ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेने हवामानविषयक कामगिरी चांगली असलेल्या कंपन्यांच्या रोख्यांकडे खरेदी झुकवण्याचे जाहीर केले आणि त्यानंतर संस्थेने अपील मागे घेतले. खटला हरला, मुद्दा मात्र पोहोचला.

थेट दाव्यांपेक्षा मला अधिक चिंता वाटते ती आपल्या देखरेखीखालील बँका आणि विमा कंपन्यांवरील दाव्यांची, कारण नुकसानभरपाईचा बोजा त्यांच्या ताळेबंदावर पडला की ‘तुम्हाला हे आधी दिसले नाही का’ हा प्रश्न आपल्याकडेच येतो.

तेव्हा आधी आपल्या संस्थेचा मूळ कायदा शब्दशः वाचा. ‘करील’ (बंधन) आणि ‘करू शकेल’ (मुभा) यांतल्या फरकावर वकील दिवसभर युक्तिवाद करतात. हवामान जोखमीचा विचार करून एखादे पाऊल न उचलण्याचे ठरले, तर त्याची कारणे त्याच दिवशी टिपणीत नोंदवा. न्यायालयात विचारपूर्वक घेतलेला निर्णय सहसा टिकतो. विचारच झाल्याचे कागदावर दिसत नसेल, तर बचाव अवघड होतो. आणि भाषणांचे मसुदे तुमच्या नजरेखालून जाऊ द्या, कारण व्यासपीठावरचे उत्साही आश्वासन पुढे वादीच्या अर्जाला जोडलेले मी पाहिले आहे.