तुमचे प्रश्न : स्वर्गात कंटाळा आला तर?

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. प्रश्न वेडगळ वाटेल पण विचारतेच. संडे स्कूलमध्ये आम्हाला स्वर्गाचं एक चित्र दाखवायचे, ढग, पांढरे झगे आणि सगळे हात जोडून गातायत. मला तेव्हाही वाटायचं की हे चालणार तरी किती वेळ? आता आई देवाघरी गेली. तिला डिमेन्शिया होता, शेवटी शेवटी मलाच विचारायची, "बाई, तुम्ही कुणाच्या?" तिथे ती मला ओळखेल का? आणि ओळखलं तरी आम्ही दोघी तिथे करणार काय, कायम गाणीच म्हणायची? (एक भगिनी, पुणे)

उत्तर : ताई, वेडगळ अजिबात नाही, हा प्रश्न चर्चमधल्या निम्म्या लोकांच्या मनात असतो, फक्त पाळकासमोर बोलणार कोण! ते चित्र आधी बाजूला ठेवूया. वीणा, गाणी, पांढरे झगे हे सगळं बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात आहे, नाही म्हणत नाही, पण ढगावर बसून राहणं मला तरी कुठे सापडलं नाही. शेवटचे दोन अध्याय, २१ आणि २२, आज रात्री सलग वाचा. तिथे माणसं वर जात नाहीयेत, देवाचं नगर, नवं यरुशलेम, खाली येतंय. नवं आकाश, नवी पृथ्वी आणि देव स्वतः माणसांमध्ये राहायला येतोय. म्हणजे आपला शेवटचा मुक्काम पृथ्वीवरच, फक्त नव्या केलेल्या पृथ्वीवर, आणि तोही शरीरासकट. पुनरुत्थान झालेल्या येशूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, तळ्याकाठी कोळशावर त्यांच्यासाठी न्याहारी केली, थोमाला हाताचे व्रण दाखवले, हे काय भुताचं वर्णन आहे का?

त्या नगराचं माप वाचून लोक एकतर हसतात नाहीतर कॅल्क्युलेटर काढतात. लांबी, रुंदी, उंची सगळं सारखंच, बारा हजार स्टेडिया, म्हणजे साधारण २,२०० किलोमीटर, मुंबई-हावडा रेल्वेच्या अंतराहून जास्त, आणि तेवढंच उंच! आता हे इंजिनियरच्या नजरेने वाचलं तर काहीच हाती लागत नाही. शलमोनाच्या मंदिरात परमपवित्रस्थान, म्हणजे देवाच्या सान्निध्याची सगळ्यात आतली खोली होती ती आठवा, वीस हात लांब, वीस हात रुंद, वीस हात उंच, अगदी चौकोनी ठोकळा. पुढे तिथे वर्षातून एकदाच, आणि तेही फक्त मुख्य याजकानेच जायचं अशी पद्धत होती. प्रकटीकरण लिहिणारा योहान सांगतोय की आता अख्खं नगरच ती खोली झालंय, म्हणून तर तिथे वेगळं मंदिर नाही आणि बाराही वेशी कधी बंद होत नाहीत. मला सोन्याच्या रस्त्यापेक्षा हे जास्त भारी वाटतं, सोन्याचं एवढं कौतुक आपल्याकडे लग्नसराईत पुरेसं होतं.

करणार काय म्हणता, तर काम! दचकू नका. एदेन बागेची मशागत आदामाला पाप घडायच्या आधीच दिली होती, काटेकुसळं आणि घाम नंतर आले. प्रकटीकरणातही देवाचे दास त्याची सेवा करतील असंच लिहिलंय, रिकामे बसतील असं नाही. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ६५ व्या अध्यायात तर नव्या पृथ्वीवर लोक घरं बांधतील आणि स्वतःच त्यात राहतील, द्राक्षमळे लावतील आणि फळ स्वतःच खातील असं आहे. एकाने राबायचं आणि खाणारा भलताच, हा प्रकार तिथे बंद. आणि राष्ट्रांचं वैभव त्या नगरात आणतील असंही आहे. आता हे माझं आपलं मनातलं, पण सगळ्या भाषांचे लोक जर तिथे असणार तर मराठीही असणारच, आणि मग कोणीतरी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन टाळ-मृदंगावर धरणार, स्वतः टिळक बसलेले असतील तर चाल चुकवून चालणार नाही.

आईबद्दल. ताई, मरीया मग्दालियेला कबरेपाशी येशू आधी ओळखू आला नाही, तिला वाटलं माळी आहे. त्याने फक्त नावाने हाक मारली आणि तिने ओळखलं. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघं त्याच्याबरोबर चालत गेले तरी ओळखेनात, भाकर मोडली तेव्हा ओळखलं. मला यातून एवढं दिसतं की नवं शरीर वेगळं असतं पण माणूस तोच असतो, आणि नाती पुसली जात नाहीत. आजार मात्र येत नाही, दुःख, रडणं, कष्ट काहीच राहणार नाही असं स्पष्ट लिहिलंय. आणि यशया ४९ काढून बघा, देव विचारतो की आई आपल्या तान्ह्याला विसरेल का, आणि पुढे म्हणतो, ती विसरली तरी मी विसरणार नाही. तुमच्या आईला तुमचं नाव आठवत नव्हतं त्या सगळ्या दिवसांत तिचं आणि तुमचं दोघींचंही नाव त्याच्याकडे होतं.

आत्ता या घडीला ती कुठे, असंही तुमच्या मनात असेल. शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला येशू "आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" असं म्हणाला, मी तेवढंच धरून आहे. आपले कॅथलिक बांधव परगेटरी, म्हणजे मरणानंतर शुद्ध होण्याची अवस्था मानतात, नोव्हेंबरात मृतांसाठी मिस्सा करतात, त्यावर इथे वाद नको.

प्रश्न : यूट्यूबवर "मी स्वर्गात जाऊन आलो" असे व्हिडिओ भरपूर आहेत. आमच्या सेल ग्रुपमध्ये (चर्चच्या छोट्या प्रार्थनागटात) रोज एक तरी येतो. विश्वास ठेवावा का? (एक बंधू, ठाणे)

उत्तर : भाऊ, मी तरी ठेवत नाही. अमेरिकेत एका अपघातग्रस्त मुलाच्या नावावर असंच पुस्तक निघालं, धडाधड खपलं, आणि २०१५ मध्ये त्याच मुलाने जाहीर पत्र लिहून सांगितलं की मी स्वर्गात गेलोच नव्हतो, लोकांचं लक्ष वेधायला बोललो. प्रकाशकाला पुस्तक मागे घ्यावं लागलं. उलट शास्त्रात बघा, येशूने मेलेल्यातून उठवलेला लाजर चार दिवस कबरेत होता, बाहेर आल्यावर त्याने तिथलं काय सांगितलं? एक शब्द लिहिलेला नाही. प्रेषित पौल तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलला गेलेल्या एका माणसाबद्दल लिहितो, बहुतेक स्वतःबद्दलच, तेही चौदा वर्षांनी आणि तेही एवढंच की जे ऐकलं ते बोलायची परवानगी नाही. आणि हे व्हिडिओवाले पडद्यांच्या रंगासकट सांगतात! फॉरवर्ड करू नका.

प्रश्न : पहिली पत्नी प्रभूमध्ये झोपी गेली, नंतर दुसरं लग्न केलं. स्वर्गात मी कोणाचा? हिला पहिलीचा फोटो हॉलमध्ये नको आहे, त्यावरून विषय निघाला. (नाव नको, अहिल्यानगर)

उत्तर : हाच प्रश्न पुनरुत्थान न मानणाऱ्या सदुकी पंथाच्या लोकांनी येशूला विचारला होता, त्यांनी तर सात भाऊ आणि एक बाई असा हिशेब मांडला होता. मत्तय २२ वाचा. येशू म्हणाला, पुनरुत्थानात लग्न करणं-लावून देणं नाही. मी याचा अर्थ असा घेतो की तिथे प्रेम कमी होत नाही, हक्क संपतो, त्यामुळे वाटणीचा प्रश्नच येत नाही. फोटोचं मात्र दोघांनी बसून ठरवा, हॉलमध्ये नको तर आतल्या खोलीत लावा, त्यासाठी प्रकटीकरण उघडायची गरज नाही.