पाचशेचा बाँड

लग्न ठरलेल्या मुली हल्ली वरचेवर विचारतात, "मॅडम, माझ्या नावावरचं घर लग्नानंतर नवऱ्याचं होतं का?" त्यातली एक मुलगी लक्षात राहिली. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

बँकेत नोकरी, जुळे सोलापुरात वन बीएचके, तीन वर्षांचे हप्ते भरून झालेले. वडील यंत्रमागावर होते, ते गेले. आई विड्या वळते. लग्न गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेनंतरचं. पोरीने इंटरनेटवरून विवाहपूर्व कराराचा चार पानी मसुदा उतरवला, पाचशेचा बाँड आणला आणि होणाऱ्या नवऱ्यापुढे ठेवला. तो म्हणाला, "अक्षता पडायच्या आधीच घटस्फोट?" त्यानंतर आठ दिवस फोन बंद.

मायलेकी समोर बसल्या. आई गप्प होती, पण तिची बोटं पदराचा काठ सारखी वळत होती. पान, तंबाखू, दोरा नसला तरी हाताला तीच सवय.

मी मुलीला म्हटलं, "हा मसुदा परदेशातला दिसतो. आपल्याकडे लग्न झालं म्हणून कुणाची मालकी बदलत नाही. खरेदीखत तुझ्या नावावर, म्हणजे फ्लॅट तुझा." गोव्याची गोष्ट वेगळी. तिथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे, वेगळं ठरवलं नसेल तर, लग्नाबरोबर मालमत्तेत दोघांचा निम्मा निम्मा वाटा होतो, म्हणून लग्नाआधीच्या कराराला तिथे अर्थ आहे. आपल्याकडे हिंदू विवाहात असा करार कोर्ट सहसा बांधील धरत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 23, सार्वजनिक धोरणाविरुद्धचे करार रद्द ठरवणारं, आडवं येतं.

"मग झालं की!" पोरगी उठायलाच निघाली.

तेवढ्यात आईने तोंड उघडलं. "आन् हिला काय झालं तर, मॅडम? मी कुठं जाऊ?"

खरी भीती ही होती. चार पानांत तिचा एक शब्द नव्हता. आणि ती भीती खोटीही नव्हती. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र न करता विवाहित बाई गेली तर तिने स्वतः कमावलेलं आधी मुलं आणि नवरा यांच्याकडे जातं. ते कुणी नसतील तर नवऱ्याच्या वारसांकडे. आई-वडिलांचा नंबर त्याच्याही नंतर. मुलगी खाली बसली. "सोसायटीत आईचं नॉमिनेशन आहे ना?" नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे सांगताना मला दरवेळी बोलणी खावी लागतात, तशी तिचीही खाल्ली.

उपाय साधा होता. मृत्युपत्र. दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. हिंदूंचं मृत्युपत्र लग्नामुळे रद्द होत नाही, त्यामुळे लग्नाआधी केलं तरी चालतं. मी वकील नाही, म्हणून मजकुरासाठी वकिलाकडे पाठवलं. शिवाय दोन गोष्टी सांगितल्या: हप्ता तुझ्याच पगाराच्या खात्यातून जाऊ दे, आणि माहेरून, सासरहून मिळालेल्या दागिन्यांची यादी, पावत्या ठेव. स्त्रीधन तुझंच, पण ते दाखवायला कागद लागतो.

मुलाला बोलावून घेतलं. करार आपल्या विरुद्ध आहे असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी मुलीला म्हटलं, मसुदा बाजूला ठेव, जे मनात आहे ते सांग. ती म्हणाली, "मी नसले तर आईला त्या घरातून कुणी उठवू नये, एवढंच." तो बराच वेळ आईच्या बोटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे आधी का नाही बोललीस?"

गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराचं प्रतीकात्मक लग्न लागतं, त्या अक्षतांना संमती कट्ट्यावर आधी संमती वाचतात, मगच अक्षता पडतात. सोलापूरकरांना हे नव्याने काय सांगायचं! आपल्या घरच्या लग्नात मात्र हुंडा, मानपान, जेवणाची पंगत सगळं ठरतं, आई कुठे राहणार हे ठरत नाही. (हुंड्याला 1961 पासून बंदी आहे, तरी ठरतो.)

निघताना आईने पिशवीतून तो बाँड काढला. "मृत्युपत्र ह्याच्यावर लिहायचं का?"

"नाही मावशी, त्याला साधा कागद चालतो."

"मग पाचशे गेले की ओ!"