हिम, बर्फ आणि सायकलचे टायर : वाचकांची प्रश्नोत्तरे

ऑक्टोबर उलटला की परदेशी राहणाऱ्या मराठी सायकलस्वारांची टायरविषयी पत्रे येऊ लागतात आणि डिसेंबरात, म्हणजे पहिली आपटाआपटी होऊन गेल्यावर, त्यांचा पूर येतो. बहुतेक घोळाचे मूळ एका शब्दात आहे. आकाशातून पडणारे भुसभुशीत हिम आणि ते वितळून पुन्हा गोठल्यावर होणारा काचेसारखा थर, या दोहोंना आपण सरसकट बर्फ म्हणतो. टायरच्या दृष्टीने मात्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खालील उत्तरांत हे दोन शब्द मी मुद्दाम वेगळे ठेवले आहेत.

प्रश्न (पुणे) : डिसेंबर-जानेवारीत पहाटे सायकल चालवतो. थंडीसाठी वेगळे टायर घ्यावेत का?

उत्तर : नाही. हातमोजे घ्यावेत आणि मागचा दिवा लागतो की नाही ते पाहावे.

प्रश्न (म्युनिक) : दुकानात ‘हिवाळी’ म्हणून खोल नक्षीचे टायर दाखवले. त्यांना खिळे नाहीत. तेवढे पुरतील का?

उत्तर : हिमापुरते पुरतील, बर्फावर नाही. नक्षीचे ठोकळे हिमात रुततात आणि पकड देतात; बर्फात रुतण्याजोगे काही नसते, तेथे धातूचे खिळेच लागतात. थंडीत कडक न होणारे रबर थोडीफार मदत करते, पण खिळ्यांची जागा घेत नाही. हेच टायर ‘पाणी कापतात’ म्हणून पावसाळ्यातही गळ्यात मारले जातात. वस्तुतः ४ बार (बार हे हवेच्या दाबाचे माप) हवा भरलेला सायकलचा टायर पाण्याच्या थरावर तरंगून रस्त्याची पकड सोडायला ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेग लागेल, तेव्हा त्या जाहिरातीला किती किंमत द्यायची ते आपणच ठरवावे. खिळ्यांतही फरक असतो : साध्या पोलादाचे खिळे डांबरावर लवकर झिजतात, टंगस्टन कार्बाइडचे टिकतात. खिळे कशाचे आहेत हे स्पष्ट विचारावे, आणि विक्रेता उत्तर टाळू लागला तर दुसरे दुकान गाठावे.

प्रश्न (टोरंटो) : टायरचे माप कोणते, २८, २९ की ७००? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

उत्तर : कोणाचेच ऐकू नये, जुन्या टायरच्या कडेवर ३७-६२२ अशा धर्तीचा आकडा शोधावा. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमवर बसणाऱ्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. आज २८ इंची, २९ इंची आणि ७०० सी या तिन्ही नावांनी विकले जाणारे टायर बहुधा ६२२चेच असतात. (आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींचा २८ × १½ मात्र ६३५ असतो.) रुंदी वाढवणार असाल तर मडगार्डखाली खिळ्यांसह जागा उरते का, हे दुकानात चाक बसवूनच पाहावे.

प्रश्न (हेलसिंकी) : खिळ्यांचे टायर महाग आहेत. मित्र म्हणतात की एकच घेऊन मागच्या चाकाला लावावा, कारण जोर मागच्या चाकावर येतो. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही, आणि हा सल्ला ज्याने प्रथम दिला त्याने अनेकांची हाडे मोडली असतील. मागचे चाक घसरले तर सायकल तिरकी होते, पाय टेकवायला क्षणभर सवड मिळते आणि बहुतेक वेळा आपण सावरतो. पुढचे चाक घसरले तर ती सवड मिळत नाही, कारण सायकलचा तोल मुळात आपण पुढच्या चाकानेच राखतो : ज्या बाजूला कलंडू त्या बाजूला हँडल नकळत वळवून चाक स्वतःखाली आणतो. ते चाकच निसटले की तोल सावरण्याचे साधनच हातातून जाते. शिवाय ब्रेक दाबताना भार पुढे सरकतो, म्हणजे पकडीची गरजही तेथेच अधिक असते. केवळ मागे खिळे असले की चढावर चाक फिरून वाया जात नाही, स्वाराला खोटा धीर येतो आणि तो धीर पहिल्या वळणावर उतरतो. मी हे ऐकीव सांगत नाही. फार वर्षांपूर्वी एका दुकानदाराने मलाही हाच सल्ला दिला होता. दुपारी वितळलेल्या हिमात मोटारींच्या चाकोऱ्या उमटल्या, रात्री त्या गोठल्या, आणि सकाळी बसथांब्याजवळ वळताना पुढचे चाक अशाच एका चाकोरीच्या कडेवरून निसटले. उजवे मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते. म्हणून दोन्ही टायर घ्यावेत. एकच परवडत असेल तर तो पुढे लावावा आणि दुसरा येईपर्यंत रस्ते गोठलेल्या दिवशी ट्रामने जावे. आपण यापूर्वी पडला असाल आणि मनगट अजून दुखत असेल, तर टायरच्या आधी डॉक्टरांना भेटावे.

प्रश्न (ऑस्लो) : घरात भरलेली हवा बाहेर कमी होते. ट्यूब गळते आहे का?

उत्तर : बहुधा नाही. घरात २० अंशांना ४ बार भरलेला टायर बाहेर उणे १० अंशांना साधारण साडेतीन बार दाखवतो. हिमात थोडी कमी हवा असलेली चांगलीच, पण टायरच्या कडेवर छापलेल्या किमान दाबाखाली जाऊ नये. रात्रभरात टायर बसतच असेल तर मात्र ट्यूब पाण्यात बुडवून पाहावी.

प्रश्न (नाशिक) : फेब्रुवारीत लेहहून ‘खारदुंग ला’ ही खिंड करायची आहे. उंचीवर टायर फुटतो म्हणून हवा कमी भरावी का?

उत्तर : ही अफवा दरवर्षी येते. खारदुंग ला सुमारे ५,३५९ मीटरवर आहे. बाहेरची हवा विरळ झाल्याने टायरमधील दाब अर्ध्या बारच्या आतच वाढतो आणि तेवढा थंडी परत काढून घेते. निर्वात पोकळीत नेला तरी एकच बार वाढेल. आपली काळजी टायर फुटण्याची नसून सावलीतल्या वळणांवर न दिसणाऱ्या बर्फाची असायला हवी. खिळ्यांचे टायर आधी मिळवून नाशकातच बसवून पाहावेत, रस्त्याच्या स्थितीची लेहमध्ये त्याच दिवशी चौकशी करावी, आणि एवढ्या उंचीसाठी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

प्रश्न (स्टॉकहोम) : या आठवड्यात नवे टायर लावून थेट बर्फावर गेलो. चार खिळे गळले आणि डांबरावर विचित्र आवाज येतो.

उत्तर : आवाज तळणीत पापड टाकल्यासारखा असेल तर तो दोष नव्हे. खिळे गळण्याचे कारण वेगळे आहे : पहिले ४०-५० किलोमीटर कोरड्या डांबरावर, जोराचा ब्रेक न दाबता आणि जोराची पायडल न मारता चालवावे लागतात, म्हणजे खिळे रबरात घट्ट बसतात. काही कंपन्यांचे सुटे खिळे आणि ते बसवण्याचे हत्यार मिळते, दुकानात विचारावे. कोरडे डांबर नोव्हेंबरपर्यंतच हाती असते. आपले पत्र जानेवारीचे आहे.