चौथ्या रीडलाच ०९ का येतो, आणि ६४० ऐवजी ६३९ का दिसतं

म्हणजे तुझं असं झालंय की बूट सेक्टर (डिस्कचा पहिला सेक्टर, मशीन सुरू झाल्यावर बायोस, म्हणजे मशीनचं मूळ फर्मवेअर, तो मेमरीत आणतं) ७सी०० ला येतो, त्याच्या लगेच पुढे ७ई०० पासून तू कर्नल वाचतोयस (पत्ते सगळे हेक्समध्ये), १.४४ एमबीच्या फ्लॉपी इमेजवरून एकेक ट्रॅक करत, पहिले तीन रीड नीट होतात आणि चौथ्याला इंट १३ (बायोसची डिस्क वाचायची सेवा) कॅरी फ्लॅग सेट करून, म्हणजे रीड फसला असं सांगून, एएच रजिस्टरमध्ये एरर कोड ०९ देतं. शिवाय ६४० केबी मेमरी असून ६३९ च का दिसते, हेही तू विचारलंयस. रिट्राय कितीही कर, हे जाणार नाही, डिस्कला काही झालेलंच नाहीये. ०९ म्हणजे डीएमए (सीपीयूला मधे न घेता डेटा थेट मेमरीत टाकणं) ६४ केबीची हद्द ओलांडतोय.

हिशोब करून बघ. पहिल्या ट्रॅकवर बूट सेक्टर सोडला तर १७, मग १८, परत १८, झाले ५३ सेक्टर. ५१२ ने गुणून ७ई०० मध्ये मिळवलं की येतं ई८००. तिथून १०००० पर्यंत (हेक्समध्ये, म्हणजे ६४ केबीच्या हद्दीपर्यंत) जागा उरली फक्त १२ सेक्टरची आणि तू मागतोयस १८. तेरावा सेक्टर हद्दीपलीकडे जातो म्हणून बायोस अख्खा रीडच नाकारतं.

ईएसमध्ये (बफरचा सेगमेंट) ०ई८० टाकून बीएक्स (ऑफसेट) शून्य केला तरी तोच एरर येतो म्हणालास, येणारच की. सेगमेंट-ऑफसेट हा सीपीयूचा मामला झाला, डीएमए कंट्रोलरला फक्त फिजिकल पत्ता कळतो. १९८१ च्या पीसीतल्या ८२३७ या डीएमए चिपचा ॲड्रेस काउंटर १६ बिटचा, वरचे बिट वेगळ्या पेज रजिस्टरमध्ये, आणि काउंटर एफएफएफएफ वरून शून्यावर आला तरी पेज रजिस्टर जागचं हलत नाही, म्हणजे बायोसने अडवलं नसतं तर तुझा डेटा गुपचूप मेमरीच्या तळाशी जाऊन इंटरप्ट टेबलवर (कुठल्या इंटरप्टला कुठला कोड चालवायचा त्याचा तक्ता) पडला असता. एरर दिला हे उपकारच समज. हार्ड डिस्कवर हा त्रास सहसा दिसत नाही कारण १९८४ च्या एटीपासून तिथे पीआयओ आलं, सीपीयू स्वतः डेटा ओढायचा, त्यामुळे हार्ड डिस्क इमेजवर चालणारा कोड फ्लॉपीवर आपटतो.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की कर, बूट सेक्टरला कंट्रोल दिल्यावर बायोसकडे मॅलॉकसारखं, म्हणजे मागितली की मोकळी मेमरी देणारं, काही नसतं. तू बफर दाखवायचा, ते त्यात डेटा टाकणार, जागा बरोबर आहे का ते तुझं तू बघायचं. म्हणून प्रत्येक रीडआधी दोन आकडे काढ, ट्रॅकमध्ये उरलेले सेक्टर आणि ६४ केबीच्या हद्दीपर्यंत मावणारे सेक्टर, आणि जो लहान तेवढेच माग. नुसतं १०००० पासून लोड करून भागत नाही, २०००० ला परत तेच होईल.

आता ६३९. इंट १२ (खालची मेमरी किती केबी आहे ते सांगणारी बायोसची सेवा) हा आकडा ४१३ वरच्या वर्डमधून देतं, आणि कमी झालेला १ केबी म्हणजे एक्स्टेंडेड बायोस डेटा एरिया, त्याचा सेगमेंट ४०ई ला लिहिलेला असतो. बायोस स्वतःची माहिती तिथे ठेवतं, काही मशीनवर तो १ केबीपेक्षा मोठाही असतो, म्हणून स्टॅक डोळे झाकून ए०००० च्या (६४० केबीच्या) खाली लावू नकोस. तिथे घाण केली तर लगेच काही होत नाही, नंतर कुठलातरी भलताच रीड अडकतो आणि रात्र जाते. (जुने बूट सेक्टर व्हायरसही हाच आकडा कमी करून वर लपून बसायचे, स्टोन्डने तेच केलं होतं.)

१ एमबीच्या वर थेट वाचायचा नाद सोड, इंट १३ च्या फंक्शन ४२ ला (डिस्क वाचायचं नवं फंक्शन) ६४ बिट सेक्टर नंबर चालतो पण बफर सहसा सेगमेंट-ऑफसेटच, मग आधी खाली वाचायचं आणि तिथून वर कॉपी करायचं. वर कुठली जागा खरंच रॅम आहे ते इंट १५ च्या ई८२० ला (मेमरीचा नकाशा देणारं फंक्शन) विचार, कारण ४ जीबीच्या खालचा बराच पट्टा पीसीआय डिव्हाइसच्या रजिस्टरांना दिलेला असतो आणि तिथे लिहिलंस तर रॅमऐवजी एखाद्या कार्डाशी बोलत बसशील.

यूईएफआयवर (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) गेलास तर ०९ विसर, तिथे मेमरी मागायला अलोकेट पेजेस आहे, आणि डिव्हाइसला ४ जीबीच्या वर पोचता येत नसेल तर फर्मवेअरच मधे खालचा बफर लावून कॉपी करतं. फक्त एक्झिट बूट सर्व्हिसेसच्या (फर्मवेअरकडून मशीनचा ताबा घ्यायचा कॉल) आधी सगळं वाचून घे, नंतर डिस्कची फंक्शन्स राहत नाहीत, आणि मेमरी मॅप घेतल्यावर मधे काही अलोकेट केलंस तर त्याची की जुनी होते, एक्झिट फेल होतो आणि मॅप परत घ्यावा लागतो.